बुवा म्हणजे नक्की कोणते बुवा? नाट्यसंगीताच्या वादात नव्याने पडणाऱ्यांसाठी

गिरगावात साहित्य संघाच्या नाट्यगृहातून संगीत नाटकाचा प्रयोग सुटला की निम्मी माणसं घरी जात नाहीत. केळेवाडीच्या तोंडाशी टोळकी जमतात, कुणीतरी चहा सांगतं आणि चहा यायच्या आत कुणीतरी काडी टाकतं, 'काही म्हणा, अशी चाल बांधणारा पुन्हा झाला नाही.' झालं. चर्नी रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर असूनही पुढचा पाऊण तास कुणी जागचं हलत नाही.

अशा टोळक्यात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझं वय चोवीस आणि ज्ञान एका कॅसेटपुरतं होतं. जरा फट मिळताच मी म्हणालो, 'नाथ हा माझा! काय चाल बांधलीय गोविंदराव टेंब्यांनी!' समोरच्या काकांनी ओठांशी नेलेली बशी खाली घेतली. 'बाळ, स्वयंवर भास्करबुवांचं. टेंबे मानापमानचे.' आवाज चढवला नाही, हसलेही नाहीत. त्यानंतर दोन महिने मी त्या टोळक्यात फक्त चहा प्यायलो.

तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. वादाचा विषय एकच असतो: मराठी संगीत रंगभूमीचा सर्वांत मोठा संगीतकार कोण? माझं उत्तर आहे, ते वाटेत येईलच. पण आधी त्या वादात न अडखळता उभं कसं राहायचं ते.

पायरी पहिली: नावांचा गुंता सोडवा

या मंडळींत पूर्ण नाव घ्यायची पद्धत नाही. 'बुवांची चाल' असं कुणी म्हणालं की नवख्याने लगेच मान डोलवू नये, कारण बुवा तीन आहेत: भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे आणि अभिषेकीबुवा. खूण अशी की बोलणारा बालगंधर्वांच्या आठवणीत रमला असेल तर भास्करबुवा. दीनानाथांचा विषय चालू असेल तर वझेबुवा. आणि बोलणारा गोव्याचा असेल तर विषय कुठलाही असो, अभिषेकीबुवाच.

'मास्तर' दोन. चाल बांधण्याबद्दल बोलणं चाललं असेल तर मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर, गळ्याबद्दल चाललं असेल तर मास्टर दीनानाथ. 'अण्णा' म्हणजे बहुधा अण्णासाहेब किर्लोस्कर. पण घरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची परंपरा असलेला माणूस 'अण्णा' म्हणाला तर ते भीमसेन जोशी असू शकतात, आणि भीमसेनांनी 'धन्य ते गायनी कळा' या नाटकाला संगीत दिलेलं असल्यामुळे घोटाळा लगेच उघडकीलाही येत नाही. गंधर्व चार: बाल, सवाई, छोटा, कुमार. संगीतकारांच्या वादात त्यांतले छोटा गंधर्व हमखास येतात, 'सुवर्णतुला'मुळे.

सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती केशवरावांवर. केशवराव भोसले म्हणजे ललितकलादर्श या नाटक कंपनीचे नट आणि गवई. केशवराव भोळे म्हणजे 'आंधळ्यांची शाळा'चे संगीतकार. आणि कोल्हटकर? भाऊराव गायचे, श्रीपाद कृष्ण लिहायचे, चिंतामणराव कंपनी चालवायचे आणि नटही होते, बाळ कोल्हटकर खूप नंतरचे. एवढं पाठ केलंत तर पहिली घसरगुंडी टळली.

पायरी दुसरी: 'संगीतकार' हा शब्द जरा बाजूला ठेवा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक भांडणं याच जागी, आणि उगीच, होतात.

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत एकदा हातात घ्या. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, किंवा घरात आजी-आजोबांची पेटी असेल तर तीच उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहिलेलं असतं आणि पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द, कधी राग नि तालही. म्हणजे चाल आधीच अस्तित्वात होती. कुठे एखादी ख्यालातली चीज, म्हणजे बंदिश, कुठे ठुमरी, कुठे लावणी, कुठे कानडी पद, कुठे कीर्तनातली ओळखीची धून. नाटककार त्या साच्यात आपले शब्द बसवायचा.

हे पहिल्यांदा कळलं की नवख्याचा विरस होतो. 'म्हणजे चोरीच की!' असं म्हणायची अनिवार इच्छा होते. म्हणू नका. तो वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे आणि त्यात कुणाच्याही पदरात काही पडलेलं नाही. त्या काळी चाल 'देणं' याचा अर्थ निवडणं असा होता: या पात्राला, या प्रसंगी, या नटाच्या गळ्याला कुठली चाल शोभेल याची पारख. शेकडो चिजा मुखोद्गत असणारा माणूसच हे करू शकायचा. लग्नात हजार स्थळं माहीत असणारी मावशी असते ना, तसं. स्थळ तिने जन्माला घातलेलं नसतं, पण जोडा तिच्यामुळे जमतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि १८८२ साली 'सौभद्र'. त्यांनी नाटक लिहिलं, पदं लिहिली आणि चालीही त्यांनीच योजल्या. साकी, दिंडी, कामदा असे घरोघरी ठाऊक असलेले छंद आणि त्यांच्या जोडीला लावणीची, कर्नाटकाकडची वळणं. 'सौभद्र'मध्ये शंभराच्या वर पदं आहेत. गोविंद बल्लाळ देवल त्यांचेच शिष्य. १८९९ च्या 'शारदा'तलं 'म्हातारा इतुका न' ऐका: पंचाहत्तरीच्या नवरदेवाची टर उडवणारं ते पद कुठल्याही गवयाच्या तानबाजीची वाट बघत नाही, चालीतच हसू आहे.

मग श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आले. १८९६ च्या 'वीरतनय'पासून त्यांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली मराठीत आणल्या. मुंबईकरांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण ती पारशी थिएटरं आपल्या ग्रँट रोडला होती. ज्याला आपण पिला हाऊस म्हणतो तो 'प्ले हाऊस'चाच अपभ्रंश. ट्रॅमच्या घंटा आणि थिएटरातले घुंगरू यांतून ज्या चाली उठल्या त्या थेट मराठी नायिकेच्या तोंडी गेल्या. शुद्धतेच्या नावाने नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही चहाला असतात.

१९११ साली 'मानापमान'. संगीत गोविंदराव टेंबे, हार्मोनियमचे बादशहा, ठुमरीचा कान. 'मानापमान'मध्ये चालीला एकदम नखरा आला, पूरबकडच्या ठुमरीचा लडिवाळपणा आला. आणि १९१६ साली 'स्वयंवर', भास्करबुवा बखले. एकाहून अधिक घराण्यांची तालीम घेतलेला हा माणूस. त्याने रागदारीच्या अस्सल चिजा निवडून रुक्मिणीच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, हातात ठेवल्या. भास्करबुवांनंतर नाट्यपद हे मैफलीचं गाणं झालं. ही गोष्ट चांगली की वाईट, यावर तुमचा पुढचा सगळा वाद उभा राहणार आहे.

इथे एक आडवाट. माझा भाचा बीकेसीला नोकरी करतो. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'चे प्रयोग झाले, ते बघून आला आणि मला सांगायला लागला की मामा, तुमच्याकडे आधी चाल आणि मग शब्द, हे उलटंच आहे. त्याला मी विचारलं, तू पाहिलेल्या त्या नाटकाचा संगीतकार रिचर्ड रॉजर्स कसा काम करायचा? लॉरेन्स हार्टबरोबर असताना आधी रॉजर्सची चाल व्हायची, मग हार्ट शब्द लिहायचा. ऑस्कर हॅमरस्टाइन जोडीला आला आणि क्रम पालटला: आधी शब्द, मग चाल. माणूस तोच, पण दोन्ही काळातली गाणी ऐकली तर ठेवण वेगळी लागते. आणि शब्दही आपले, चालही आपली असं करणारा स्टीफन साँडहाइम म्हणजे आपल्या किर्लोस्करांच्या गोत्रातला. भाचा गप्प बसला. पुढच्या रविवारी 'सौभद्र'ला मुकाट्याने आला.

आपल्याकडे हा क्रम पुरता फिरवला तो जितेंद्र अभिषेकींनी. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'तलं 'गर्द सभोती रान साजणी' घ्या. शब्द बालकवींचे, आणि बालकवी १९१८ सालीच गेले होते. कविता आधीच होती, तिच्यासाठी चाल नव्याने जन्माला आली. म्हणून टेंबे मोठे की अभिषेकी, असा प्रश्न कुणी टाकला तर आधी विचारा, 'कुठल्या कामात?' निवडणं आणि घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एवढं विचारलंत तरी काका बशी खाली ठेवतील, आणि या वेळी कौतुकाने.

पायरी तिसरी: निदान एवढं ऐका

सगळं ऐकायला जन्म पुरणार नाही. माझा क्रम असा. आधी 'सौभद्र', एका बैठकीत शक्य तितकं. मग 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लागोपाठ, फरक कानावर आदळतो. त्यानंतर वझेबुवांचं १९२७ चं 'रणदुंदुभि': 'परवशता पाश दैवे' ऐकून अंगावर काटा आला नाही तर पुन्हा ऐका. वझेबुवांच्या चालींत एक प्रकारचा खडा पहाड आहे आणि तो चढायला दीनानाथांचाच गळा हवा होता.

मग एकदम १९३३. बोलपट आदल्या वर्षीच मराठीत बोलू लागला होता, नाटक कंपन्या डबघाईला आल्या होत्या, आणि नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. केशवराव भोळ्यांनी त्यात मोजकी आणि भावगीताच्या अंगाने जाणारी गाणी दिली. प्रेक्षकांनी वन्समोअर घेऊन नाटक अडवून धरावं असं त्यांत काही नव्हतं, मुद्दामच नव्हतं. वादात भोळ्यांचं नाव क्वचित निघतं. तुम्ही काढा. दुसऱ्या बाजूला मास्तर कृष्णरावांचं १९४२ चं 'कुलवधू', ज्योत्स्ना भोळ्यांचं 'बोला अमृत बोला'. भैरवी अशी की आजही मैफल तिच्यावर संपते.

साठचं दशक म्हणजे सुगी. 'पंडितराज जगन्नाथ' वसंत देसाईंचं, 'सुवर्णतुला' छोटा गंधर्वांचं, 'मंदारमाला' राम मराठ्यांचं. ही तिन्ही नाटकं विद्याधर गोखल्यांची, त्यामुळे तीन संगीतकारांची तुलना करायला आयतं मैदान आहे. पुढे अभिषेकी: 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी', 'लेकुरे उदंड जाली', 'कट्यार काळजात घुसली', 'हे बंध रेशमाचे'. सगळं चार-पाच वर्षांत. 'लेकुरे'ला टाळू नका. रागदारी न सांगता तोच माणूस काय करतो ते तिथे दिसतं.

गाणं कुणाचं, नाटक कुठलं, चाल कुणाची याची शंका आली की 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर बघा. टोळक्यात उभं राहून फोन काढायचा नाही मात्र. घरून बघून यायचं.

पायरी चौथी: फोन बंद करा, नाटकाला जा

इतकं सगळं इअरफोनवर ऐकून झालं की माणसाला वाटतं आपण तयार झालो. नाही झालो. नाट्यपदाचं अर्धं आयुष्य पद सुरू होण्याआधीच्या वाक्यात असतं, आणि ते वाक्य युट्यूबवर कापलेलं असतं.

मुंबईत संगीत नाटक रोज लागत नाही. शनिवार-रविवारच्या पेपरांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळायची सवय ठेवा. साहित्य संघ, दादरला प्लाझासमोरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, प्रभादेवीचं रवींद्र, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन, यांतलं काहीतरी तुमच्या रेल्वेलाइनवर आहेच. तिकीट ऑनलाइनही मिळतं, पण खिडकीवर गेलात तर रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांकडून फुकट शिकवणी मिळते. त्यांना 'अंकल' म्हणू नका, 'काका' म्हणा. 'आपण पहिल्यांदा हे कधी पाहिलंत?' एवढं विचारायचं आणि मग तिकीट मिळेपर्यंत बोलायचं काम त्यांचं.

बसायला शक्यतो पुढच्या चार-पाच ओळींत, कडेला. ऑर्गन आणि तबला दिसला पाहिजे. ऑर्गनवाल्याकडे बघा: नटाचं गद्य संपत आलं की तो हलकेच सूर धरतो. नट बोलता बोलता त्या सुरावर चढतो. हा सांधा ज्या चालीत कळतही नाही, ती चाल नाटकासाठी बांधलेली. आणि जिथे नट बोलणं थांबवतो, खाकरतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि मग गातो, तिथे चाल कितीही सुंदर असो, ती पाहुणी आहे.

नांदीला उशीर करू नका. 'पंचतुंड नररुंडमालधर' सुरू असताना अंधारात पाय तुडवत येणाऱ्याला नंतर वादात किंमत नसते. मध्यंतरात बटाटावडा आधी, वाद नंतर, कारण वडे संपतात.

पायरी पाचवी: पद काढून बघा

आता माझी कसोटी सांगतो. पटली तर घ्या.

कुठलंही पद निवडा आणि मनातल्या मनात ते नाटकातून उचलून बाजूला ठेवा. मागे काय उरलं? नाटक लंगडतंय का, की दहा मिनिटं लवकर संपून सगळ्यांना आधीची गाडी मिळतेय?

'सौभद्र'वर ही कसोटी लावली की किर्लोस्कर किती वरचे आहेत ते कळतं. 'नच सुंदरि करू कोपा' काढलंत तर कृष्णाने रुसलेल्या पत्नीची समजूत काढली कशी, हेच नाटकातून निघून जातं. तो गातो तीच समजूत आहे. त्या चालीत आर्जव आहे, थोडी लबाडी आहे आणि आपण यात जिंकणार याची खात्रीही आहे. आणि साक्या-दिंड्या? हल्लीच्या तीन तासांच्या प्रयोगांत त्यांवरच पहिली कात्री चालते. खरं तर कथा पुढे सरकते ती त्यांच्यावर. दोन ओळीत निरोप, दोन ओळीत टोमणा, आणि लगेच पुन्हा गद्य. बोलणं आणि गाणं यांच्यामधला तो जिना होता. जिना काढला आणि मग लोक विचारू लागले की ही पात्रं मधेच गातात का.

'स्वयंवर'ला हीच कसोटी लावायची वेळ येते तेव्हा माझा आवाज थोडा खाली येतो, कारण आमच्या टोळक्यात भास्करबुवांचे भक्त जास्त. पण बोलतोच. 'मम आत्मा गमला' किंवा 'सुजन कसा मन चोरी' ही पदं मराठी माणसाला मिळालेलं मोठं धन आहे. सामान्य प्रेक्षकाला बिहाग आणि भूप ओळखीचे झाले ते या नाटकामुळे. पण 'नाथ हा माझा' अर्धा तास रंगलं की रुक्मिणी कुणावर आणि का भाळली याचा प्रेक्षकांना पत्ता राहत नाही. राहतो तो यमन. नाटक पडद्यामागे जाऊन बसतं आणि मैफल पुढे येते. 'स्वयंवर' लिहिणाऱ्या खाडिलकरांची पदं कळत नाहीत अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे. दोष त्यांच्या एकट्याचा नाही, दुसऱ्याच्या चालीत मापात शब्द बसवताना मराठी वाक्याचे हातपाय मोडतात.

आणि म्हणूनच माझं मत अभिषेकींकडे झुकतं, विशेषतः १९६७ च्या 'कट्यार'कडे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटकच दोन गायकींच्या भांडणावर उभं आहे: एका बाजूला पंडित भानुशंकर, दुसऱ्या बाजूला खाँसाहेब आफताब हुसेन. संगीतकारापुढचा पेच बघा. ज्याला सारेगम कळत नाही त्या प्रेक्षकालाही, डोळे मिटले तरी, हे घराणं वेगळं आणि ते वेगळं हे कळलं पाहिजे. नाहीतर गोष्टच उरत नाही. अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोनदा बांधलं. पंडितजींच्या गळ्यात ते धानी रागात, सरळ, सात्त्विक, मंदिरातल्या समईसारखं. खाँसाहेबांकडे तेच शब्द सालगवराळीत, आणि त्यात आक्रमकता, पेच, झटके. शब्द तेच, भुंगा तोच, कमळ तेच. बदलला तो स्वभाव. चालीने पात्र उभं केलं. 'कट्यार'मधलं पद काढून बघा बरं. कट्यारच बोथट होते.

एक गंमत: या कसोटीने वादाच्या यादीत नसलेली नावंही आत येतात. १९७२ चं 'घाशीराम कोतवाल'. रांगेत डोलणारे ब्राह्मण, तोच पडदा, तोच कोरस, तीच पुण्याची गर्दी. भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, अभंग सगळं एका कढईत घातलं. त्यातलं संगीत काढलंत तर रंगमंचावर माणसं रांगेत उभी राहतील, बस. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. आनंद मोडकांच्या संगीताशिवाय ते कीर्तन होईलच कसं? 'पण ती संगीत नाटकं नव्हेत' असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना शांतपणे विचारा, मग संगीत नाटक म्हणजे काय, जिथे ऑर्गन असतो ते? आणि मागे सरका. चहा सांडतो.

अलीकडचं हवं असेल तर प्राजक्त देशमुखांचं 'देवबाभळी'. दोन बायका, आवली आणि लखुबाई, आणि आनंद ओकांचं संगीत. प्रयोग लागला तर सोडू नका.

पायरी सहावी: गळ्याचा वाटा वजा करा

ही सगळ्यात अवघड वजाबाकी. बालगंधर्व गायले की टेंबे मोठे वाटतात, भास्करबुवा मोठे वाटतात, अण्णासाहेबही मोठे वाटतात. वसंतराव देशपांड्यांनी 'कट्यार'मधला खाँसाहेब रंगवला म्हणून अभिषेकी मोठे झाले, असं म्हणणारे आमच्यात दोघं आहेत आणि ते नवरा-बायको आहेत, त्यामुळे बहुमत त्यांचं.

उपाय एकच: तीच चाल दुसऱ्या गळ्यात ऐका. 'मानापमान'ची पदं दीनानाथांनी गायली तेव्हा त्यांनी काहींना सरळ आपलं वळण दिलं. आता ती चाल टेंब्यांची की दीनानाथांची? ठरवायचा प्रयत्न करा, संध्याकाळ मजेत जाईल. ८ जुलै १९२१ ला याच मुंबईत, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर. लोक आजही विचारतात त्या रात्री कोण जिंकलं. काही महिन्यांतच केशवराव गेले आणि त्यांचं उत्तर द्यायचं राहिलं. पण त्या रात्री दोघांच्या गळ्यांखाली जी एकच जमीन होती, ती टेंब्यांची. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

ध्वनिमुद्रिकांवर फार विसंबू नका. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रंगमंचावर वन्समोअरसकट फुललेलं पद तिथे गाठोड्यात कोंबलेलं असतं. आणि साथ? बालगंधर्वांच्या मागे सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवांचा ठेका असेल तर माझीही चाल मोठी वाटेल. कुमार गंधर्वांनी १९६५ साली 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, तो मात्र जरूर ऐका. एका गळ्याच्या आत दुसरा गळा कसा शोधायचा, हे त्यात आहे.

पायरी सातवी: उभं राहायची रीत

पहिल्या खेपेला ऐका, दुसऱ्या खेपेला विचारा, तिसऱ्या खेपेला म्हणा. 'माझ्या मते' लावायला हरकत नाही, पण 'ओव्हररेटेड' हा शब्द कुणाच्याही नावापुढे लावू नका. मागे एका तरुणाने लावला होता, त्याला आम्ही अजून ओव्हररेटेडच म्हणतो. रागाचं नाव ठाम माहीत नसेल तर पद गुणगुणून दाखवा. सूर कच्चा असला तरी चालतो, नाव चुकलेलं चालत नाही. देवल आणि किर्लोस्कर यांना 'फक्त नाटककार' म्हणून यादीबाहेर ढकलणारा भेटला तर सोडू नका, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कुणी हृद्य आठवण सांगत असेल तर तपशील चुकला तरी मधे तोडू नये. सन दुरुस्त करायचा तो नंतर, जिन्यावर, हळूच.

सात-आठ वर्षांपूर्वी 'कट्यार'च्या प्रयोगानंतर मी ही पद काढून बघायची कसोटी टोळक्यात मांडली. बशीवाले काका आता ऐंशीच्या पुढचे. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पटतं. अभिषेकींनी पात्र उभं केलं, मान्य. पण मला एक सांग, आत्ता घरी जाताना जिन्यात तू काय गुणगुणत होतास?'

मी 'नाथ हा माझा' गुणगुणत होतो.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, काठी उचलली आणि स्टेशनच्या दिशेने निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग, कारण पुलावर अजून दहा मिनिटं मिळणार होती.